सरांना 'नटसम्राट' हवाय, मला नाट्यछटा

प्रिय ताई,

मी अकरावीत शिकते. आमच्या गावातलं युवक मंडळ दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत स्वगत स्पर्धा घेतं. जुन्या, गाजलेल्या मराठी नाटकातलं स्वगत किंवा नाट्यछटा (एकच पात्र बोलतं असा छोटा प्रसंग), वेळ पाच मिनिटं, मागून कुणी वाक्य सांगायचं नाही, असे नियम आहेत. गेल्या वर्षी मी 'एकच प्याला'मधला सिंधूचा उतारा घेतला होता. निम्म्यात पुढचं काही आठवेना. थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि विंगेत पळाले. या वर्षी मराठीच्या सरांनी 'नटसम्राट'मधलं 'कुणी घर देता का' घ्यायला लावलंय. डॉ. श्रीराम लागूंचा व्हिडिओ दाखवून ते म्हणतात, असंच्या असं कर, पहिला नंबर तुझाच. विग आणि धोतराचंही तेच बघतायत. मी रोज व्हिडिओ लावून सराव करते, पण ते माझं वाटतच नाही. शेवटी रडू आलं पाहिजे म्हणतात, तेही येत नाही. मला दिवाकरांची नाट्यछटा करायचीय. आठवीत एक केली होती, ती अजून पाठ आहे, भांडी घासताना म्हणत असते. पण सर म्हणतात, नाट्यछटा शाळेतल्या पोरांसाठी, तिला नंबर येत नाही. मैत्रिणी म्हणतात, तुझ्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे, पुण्याच्या भाषेला तो शोभणार नाही. सरांनी माझ्यासाठी खूप केलंय. त्यांना नाही कसं म्हणू? आणि परत विसरले तर?

– एक वाचक, तासगाव तालुका

नाट्यछटाच कर. निर्णय आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. एक उतारा आठवीपासून आजपर्यंत, कुणी सराव घेतलेला नसताना, तुझ्या डोक्यात टिकून आहे. दुसरा रोज व्हिडिओ लावूनही अंगात मुरत नाही. गेल्या वर्षी स्टेजवर कोरी झालेल्या मुलीने यांतला कोणता घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण सरांपुढे जाण्याआधी तुला स्वतःला हे पटलेलं असलं पाहिजे की तू सोपी वाट धरत नाहीयेस. नाट्यछटा मुलांसाठी, हा समज शाळांनी पसरवला. पाठ्यपुस्तकात धडा, स्नेहसंमेलनात दोन मिनिटांचं सादरीकरण, एवढीच तिची ओळख उरली. दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी, ती मुलांसाठी लिहिली नव्हती. पुण्यात शाळामास्तर असलेला हा माणूस इंग्रज कवी ब्राउनिंगच्या कविता वाचत होता. एकच माणूस बोलतोय आणि त्याच्या बोलण्यातूनच समोरचा माणूस, खोली, त्यांचं नातं, त्याच्या मनातली लबाडी असं सगळं उघडं पडतंय, हे त्या कवितांमधलं तंत्र त्यांनी मराठी गद्यात आणलं. 'महासर्प' ही पहिली नाट्यछटा १९११ सालची. १९३१ मध्ये ते गेले तेव्हा मागे अशा ५१ नाट्यछटा होत्या. 'पंत मेले – राव चढले' हे नुसतं शीर्षक वाच. एकाच्या मरणावर दुसऱ्याची बढती उभी आहे. हा विषय आठवीतल्या मुलाचा नाही. त्याला तो पाठ करता येतो, इतकंच.

नटाच्या दृष्टीने तर नाट्यछटा स्वगतापेक्षा अवघड आहे. स्वगतात पात्र निदान एकटं असतं. नाट्यछटेत खोली माणसांनी भरलेली असते आणि तोंड एकालाच असतं. 'वर्डस्वर्थचे फुलपाखरू'मध्ये मास्तर वर्गात कविता शिकवतायत. मुलं एक अक्षर बोलत नाहीत, पण ती दिसली नाहीत तर नाट्यछटा झालीच नाही. सरांना एक उदाहरण अवश्य दे. प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'त विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते तो प्रसंग. स्टेजवर ती एकटी, पलीकडचा आवाज प्रेक्षकांना ऐकूच येत नाही. १९९१ मध्ये वंदना गुप्ते यांनी तो गाजवला, नाटक पुन्हा आलं तेव्हा मुक्ता बर्वेंनी केला. पलीकडचं बोलणं न ऐकवता प्रेक्षकाला कळवायचं, हीच दिवाकरांची रीत. व्यावसायिक रंगभूमीवर भरलेलं थिएटर ज्याने जागेवर खिळतं ते पोरांचं कसं असेल?

आता बेलवलकरांबद्दल, म्हणजे 'नटसम्राट'मधल्या म्हाताऱ्या नटाबद्दल. ते तू करू नयेस असं मी म्हणते, पण तू मुलगी आहेस म्हणून नाही आणि लहान आहेस म्हणूनही नाही. ज्या सिंधूने गेल्या वर्षी तुला घाम फोडला, ती १९१९ मध्ये पहिल्यांदा उभी केली बालगंधर्वांनी. आपल्या रंगभूमीवर पुरुषांनी कित्येक दशकं बायका रंगवल्या, तेव्हा मुलीने म्हातारा रंगवायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. वयाचं म्हणशील तर १९७० मध्ये 'नटसम्राट' आलं तेव्हा डॉ. लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. वय उभं करता येतं. अडचण आहे ती वेगळीच. तू बेलवलकर करत नाहीयेस, तू लागू करतेयस. ते कुठे थांबले, कुठे आवाज चढवला, कोणता हात किती उचलला, हे तू घोकतेयस. त्यांचा तो थांबा तीन अंकांतून आलेला असतो. मुलांची घरं सुटली, बायको गेली, हे सगळं भोगून तो माणूस त्या वाक्यापाशी पोचतो. व्हिडिओतून तुला थांबा मिळतो, त्यामागची तीन अंकांची वाट मिळत नाही. मग तो थांबा पोकळ वाजतो आणि तुला 'माझं वाटत नाही' असं होतं. तुझा कान चांगला आहे, म्हणूनच तुला तसं वाटतंय.

सरांच्या एका गोष्टीशी मी अजिबात सहमत नाही. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी बेलवलकर केले. 'असंच्या असं' हाच मार्ग असता तर या माणसांना त्या भूमिकेत करण्यासारखं काही उरलंच नसतं. त्यांना उरलं, कारण 'नटसम्राट'च्या लेखकाने, शिरवाडकरांनी, लिहिलेला माणूस एका नटाच्या सादरीकरणात संपत नाही.

परीक्षकांच्या टेबलाची दुसरी बाजूही सांगते, कारण स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते तेव्हा हे दर वेळी बघते. स्वगत स्पर्धेत एकामागून एक बेलवलकर येतात. पांढरा विग, वाकलेली कंबर, थरथरता हात, पहिल्याच वाक्याला टिपेचा आवाज. चौथ्या बेलवलकरांना आधीच्या तिघांशी झुंजावं लागतं, आणि चौघांनाही डॉ. लागूंशी. अशा स्पर्धेत 'नंबर येणारं' म्हणून जे निवडलं जातं तेच सगळ्यांत गर्दीचं असतं. आमच्या हातातल्या गुणपत्रिकेवर पाठांतर, वाचिक (आवाजाचा) अभिनय, आंगिक (शरीराचा) अभिनय, भूमिकेची समज, एकूण परिणाम असे रकाने असतात. अश्रूंचा रकाना नसतो. रडू येत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. ओढूनताणून आणलेल्या रडण्यात शब्द विरघळतात, मागच्या रांगेला काही कळत नाही, आणि वाचिकचे गुण मात्र जातात.

आता नाट्यछटेची तयारी. तू कोणती करणार ते लिहिलेलं नाहीस, म्हणून मी माझ्याच मनाने चार ओळी बनवते. एक मास्तर आहेत, समोर एक मुलगा.

'ये. बस. … वही कुठंय? … घरी? … अस्सं! … आणि ही बोटं कशानं रंगली रे? … बोल की!'

टिंबं आहेत तिथे मुलगा आहे. पेन्सिल घे आणि प्रत्येक टिंबांच्या वर त्याचं उत्तर लिही. 'वही कुठंय'नंतर तो खाली बघतो, मग पुटपुटतो, 'घरी राहिली.' 'घरी?' हा प्रश्न तू विचारतेस तेव्हा त्याचं पुटपुटणं तुझ्या कानात पडलेलं असलं पाहिजे. 'अस्सं!'नंतर तो हात पाठीमागे नेतो आणि त्याच क्षणी तुला बोटांवरचा रंग दिसतो, म्हणून पुढचं वाक्य येतं. ते पाठ आहे म्हणून येत नाही, दिसलं म्हणून येतं. आता मुलगा बदल. तो घाबरलेला नाही, गालातल्या गालात हसतोय. तुझ्या शब्दांत काना-मात्रेचाही फरक नाही, तरी 'अस्सं!' पार वेगळं निघेल. हे एकदा करून बघ. मला लांबलचक समजावून सांगायची गरज उरणार नाही.

पहिला आठवडाभर कुणाला तरी खरंच समोर बसव. धाकटा भाऊ असेल, मैत्रीण असेल, पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं त्यांनी मोठ्याने म्हणायची. नंतर त्यांनी फक्त ओठ हलवायचे. मग रिकामी खुर्ची. खुर्ची काढल्यावरही ती नजर तिथेच गेली पाहिजे, आणि समोर लहान मुलगा असेल तर त्याच्या उंचीवर. खूप मुलं इथे चुकतात. 'बस' म्हणताना खाली बघतात आणि पुढचं वाक्य बसलेल्या मुलाच्या डोक्यावरून हवेत बोलतात. दुसरी चूक म्हणजे समोरचं माणूस विंगेच्या बाजूला कल्पायचं. प्रेक्षकांना मग पाच मिनिटं तुझा एक गाल दिसतो. तुझी माणसं प्रेक्षकांच्या बाजूला ठेव. एक परीक्षकांच्या टेबलाच्या जरा डावीकडे, दुसरं जरा उजवीकडे. परीक्षकाच्या डोळ्यांत मात्र बघू नकोस, आम्हालाही ते अवघडतं.

तुझी विसरण्याची भीती याच कामातून कमी होईल. सिंधूच्या वेळी नेमकं काय झालं असेल याचा मी अंदाज करते. तू शब्दांमागून शब्द असे लावून ठेवले होतेस. मधला एक निसटला आणि पुढचं दार बंद झालं. समोरचा माणूस काय म्हणाला हे डोक्यात असेल तर एखादा शब्द निसटला तरी तुझ्याकडे द्यायला उत्तर असतं. शब्द मागेपुढे होतील, बेअरिंग, म्हणजे भूमिकेची पकड, सुटणार नाही. रोज एकदा उताऱ्याच्या मधूनच सुरुवात कर, कुठूनही. पहिल्या वाक्यापासूनच येतं असं पाठांतर अर्धवट समजायचं. चालताना, केर काढताना, रेडिओ चालू असताना म्हण. भांडी घासताना म्हणतेस तो उत्तम सराव आहे, चालू ठेव. आणि तरीही कोरी झालीसच, तर पळू नकोस. नाट्यछटेत शांतता म्हणजे समोरचं माणूस बोलतंय. त्याच्याकडे बघत राहा, ऐकत राहा. प्रेक्षकांना ती शांतता खरीच वाटेल आणि तेवढ्यात बहुतेक वाक्य परत येतं.

हेल. मैत्रिणींचं मनावर घेऊ नकोस, पण कानाआडही टाकू नकोस, कारण यात दोन गोष्टी एकात मिसळल्या आहेत. बोली हा दोष नाही. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मराठवाड्याच्या बोलीवर उभं केलं आणि एकट्याने डझनावारी माणसं दाखवली. सुषमा देशपांड्यांच्या 'व्हय मी सावित्रीबाई'च्या नावातच बोली आहे. मात्र दिवाकरांची पात्रं शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यातली, पांढरपेशा घरातली आहेत. त्यांचं बोलणं लिहिलं आहे तसं यायला हवं. 'ण' आणि 'न' वेगळे ऐकू आले पाहिजेत, 'श' आणि 'स' वेगळे. त्यासाठी रोज दहा मिनिटं वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्याने, सावकाश वाच आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐक. एवढं पुरे. नाकात बोलून, शब्द ताणून 'पुणेरी' व्हायला जाऊ नकोस. तसं केलं की परीक्षकाला माणूस दिसेनासा होतो, नक्कल तेवढी दिसते. तुझा आवाज तुझाच राहू दे.

मूळ संहिता वाचनालयातून मिळव. दिवाकरांच्या नाट्यछटांचा संग्रह जुन्या वाचनालयांत असतो. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात टिंबं, रेघा, उद्गारचिन्हं गळलेली असतात, आणि दिवाकरांच्या लेखनात टिंबं गेली म्हणजे समोरची माणसंच गेली. दिवाकरांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही. 'नटसम्राट'चं तसं नाही. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले आणि आपल्या कायद्यात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. काही आयोजक परवानगीचं पत्र मागतात. सरांनी ते विचारून घेतलंय का, हेही बघ.

वेळ पाच मिनिटं म्हणजे तुझी नाट्यछटा साडेचारात बसली पाहिजे. स्टेजवर टाळ्या, हशा, माईकची खरखर यात वेळ जातो. दोन छोट्या नाट्यछटा जोडून वेळ भरायचा मोह होईल, तो टाळ. छोटी असेल तर छोटीच कर. मंडळाच्या स्टेजवर बहुधा स्टँडचा एकच माईक असेल. तो तोंडापासून वीतभर लांब ठेव आणि उभं राहण्याची जागा सकाळीच जाऊन नक्की कर, कारण त्या माईकपासून दोन पावलं सरकलीस की मांडवात शेवटच्या खुर्चीला काही ऐकू जाणार नाही. म्हणून हालचाली कमी ठेव. नाट्यछटेला त्या फारशा लागतही नाहीत.

आणि सर. ते चुकीचं सांगतायत, तरी तुझ्यासाठी जीव टाकतायत. गेल्या वर्षी तू पळालीस तरी या वर्षी तेच तुझ्या मागे उभे राहिले, विगची सोयही बघतायत. असे शिक्षक गावोगाव आहेत म्हणून अशा स्पर्धा चालतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस, मैत्रिणीमार्फत निरोप पाठवू नकोस आणि स्पर्धेच्या दिवशी परस्पर बदल तर मुळीच करू नकोस. नाट्यछटा पक्की तयार कर, पेन्सिलीची उत्तरं लिहिलेला कागद बरोबर घे आणि विग आणायच्या आत त्यांना गाठ. 'सर, मला पाच मिनिटं द्या, एक करून दाखवायचंय, मग तुम्ही सांगाल ते' एवढंच म्हण आणि कर. ऑफिसात नको, रिकाम्या वर्गात. झाल्यावर लगेच मत विचारू नकोस, त्यांनाच बोलू दे. मग खरं ते सांग: 'बेलवलकर करताना मला फक्त व्हिडिओ दिसतो, इथे मला माणसं दिसतात. बसवायला मला तुम्हीच हवे आहात.' हे शेवटचं वाक्य त्यांना खूश करायला नाही. तुला समोर बसून उत्तरं देणारं, थांबे मोजणारं, 'इथे मुलगा दिसला नाही' असं सांगणारं माणूस खरोखरच लागणार आहे, आणि त्यांच्याइतका वेळ तुला दुसरं कुणी देणार नाही.

तरीही ते नाहीच म्हणाले, तर माझं मत असं की या वर्षी बेलवलकर कर. नाट्यछटा पुढच्या वर्षी आहेच, वयोगटातून तू बाहेर पडत नाहीस. पण मग तीन गोष्टी हक्काने माग. आजपासून व्हिडिओ बंद. अख्खं नाटक वाचायला, पहिल्या अंकापासून. आणि विग नको. साध्या पांढऱ्या सदऱ्यात उभी राहा, कंबर ताठ ठेव, हात थरथरवू नकोस, थकवा आवाजात येऊ दे. बेलवलकर तिथे भाषण करत नाहीत. घर मागतायत. कुणाकडे बघून मागतायत ते ठरव. दार लावून घेणारा कुणी, घाईत निघालेला कुणी, क्षणभर थांबून पुढे जाणारी एखादी बाई. या तिघांना मांडवात तीन जागा दे आणि पहिल्यांदा मागताना आवाज खालीच ठेव. पहिल्यांदा मागणारा माणूस ओरडत नाही. त्याला अजून वाटत असतं की मिळेल.

प्रवेशअर्जावर उताऱ्याचं आणि लेखकाचं नाव लिहावं लागतं. एकदा यादी लागली की बहुतेक मंडळं बदल करू देत नाहीत. अर्ज भरायची शेवटची तारीख बघ आणि सरांकडे त्याआधी निदान आठ दिवस जा.

– ताई